इंग्रजी शब्द पाठ करू नका, उसवून बघा

गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या फळीवर तीन बाटल्या शेजारी शेजारी असायच्या. एकीवर इन्सेक्टिसाइड, दुसरीवर फंगिसाइड, तिसरीवर हर्बिसाइड. दहावीच्या सुट्टीत मी त्या दुकानात बसायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कशाची बाटली हाय रं?" आणि मी दर वेळी दुकानदारकाकांकडे बघायचो. एका दुपारी त्यांनी तिन्ही बाटल्या काउंटरवर मांडल्या आणि लेबलावर बोट ठेवून म्हणाले, "शेवट बघ. तिन्हीचा शेवट एकच हाय. साइड म्हणजे मारणारं. पुढं कोण मरतंय तेवढंच बघायचं."

इन्सेक्ट म्हणजे कीटक, फंगस म्हणजे बुरशी, हर्ब म्हणजे गवत-वनस्पती, म्हणून इथे तण. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. मराठीतही तिन्हींचा शेवट एकच आहे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. पुढे कॉलेजात इंग्रजी पेपरमध्ये होमिसाइड हा शब्द आला तेव्हा डिक्शनरी उघडायची गरज पडली नाही. होमो म्हणजे माणूस, म्हणजे मनुष्यवध.

आता मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवतो. बहुतेकजण जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेले. जवळजवळ प्रत्येकाच्या दप्तरात एक वही असते. मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. सोमवारी पन्नास शब्द पाठ होतात, गुरुवारी त्यातले दहा उरतात. मुलं म्हणतात, "सर, आमची स्मरणशक्तीच कमी हाय." मला हे ऐकवत नाही, कारण ते खरं नाही. याच मुलांना गावातल्या चारशे माणसांची नावं, नाती आणि कुणाचं वावर कुठं आहे हे तोंडपाठ असतं. माणूस नात्यागोत्यानं लक्षात राहतो. वहीतला शब्द मात्र एकटा असतो, म्हणून तो निसटतो.

म्हणून शब्दाला नातेवाईक मिळवून द्यायचे. त्याची रीत खाली देतो. ती मराठी माध्यमाच्या मुलांना जास्त सोपी जाते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आधी शब्द निवडा

बाजारातली पाच हजार शब्दांची यादी घेऊन बसू नका. मायकेल वेस्ट या अभ्यासकाने १९५३ साली इंग्रजीतल्या नेहमी लागणाऱ्या सुमारे २,००० शब्दकुळांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं अशा गटांची, यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातले पाचांतले चार शब्द तेवढ्यात भागतात. त्यातले शब्द पक्के नसतील तर आधी ते करा. अबाउट, अक्रॉस, इव्हन, इन्स्टेड असे शब्द मुलं "येतात" म्हणून सोडून देतात आणि उताऱ्यात नेमकी तिथेच अडतात.

त्यापुढचे शब्द स्वतःच्या वाचनातून घ्या. पेपरातली एक बातमी, पाठ्यपुस्तकातला एक धडा, औषधाच्या पाकिटावरची माहिती, काहीही चालेल. दिवसाला पाच शब्द, आठवड्यातले पाच दिवस, आणि शनिवार-रविवार फक्त उजळणी. हे आकडे लहान वाटतील, पण वर्षाला बाराशेच्या वर शब्द होतात, आणि ते टिकतात.

अर्थ नको, व्याख्या वाचा

इंग्रजी-मराठी शब्दकोश हवाच, तो फेकू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि आजही उघडावासा वाटतो. पण शिकणाऱ्यासाठी लिहिलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी त्याच्या जोडीला पाहिजे. "सर, त्यातला अर्थच कळत नाही," ही तक्रार मोठ्यांसाठीच्या कोशाबद्दल खरी आहे. शिकणाऱ्यांचे कोश वेगळे असतात. १९७८ साली लाँगमनने काढलेल्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या होत्या, आणि पुढे ही पद्धत रुळली. म्हणजे वर सांगितलेले पहिले दोन हजार शब्द आले की अशा कोशाचं दार उघडतं.

व्याख्येने काय मिळतं ते आपल्याच धरणावरून बघा. आपण म्हणतो, "जायकवाडी भरलं." मराठीत धरण म्हटलं की भिंतही आली आणि पाणीही आलं. डॅमची व्याख्या मात्र "पाणी अडवण्यासाठी नदीवर आडवी बांधलेली भिंत" अशी आहे. साठलेलं पाणी म्हणजे रिझर्व्हॉयर. पैठणला बांध आहे तो डॅम, आणि नाथसागर हा रिझर्व्हॉयर. वहीत "डॅम = धरण" एवढंच लिहिलेल्या मुलाला हा फरक कधी कळत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं. १९७२ च्या दुष्काळाबद्दल निबंध लिहिताना मुलं सर्रास फॅमिन लिहितात. फॅमिनच्या व्याख्येत अन्न संपणं आणि त्यामुळे माणसं भुकेनं मरणं येतं. ड्राउट म्हणजे दीर्घकाळ पाऊस न पडणं, अवर्षण. मराठीतला दुष्काळ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. बाहत्तर साली पाऊस गेला, विहिरी आटल्या, लोक रोजगार हमीच्या खडीवर गेले. इंग्रजीत त्याला प्रामुख्याने ड्राउटच म्हणतात. शब्द बदलला की इतिहास बदलतो, म्हणून इथे काटेकोर राहावं लागतं.

व्याख्या वाचून झाली की पान झाका आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. आधी वस्तू कोणत्या जातीतली, मग त्या जातीत ती वेगळी कशी. आपल्या तर्कशास्त्रात याची फार जुनी कसोटी आहे. "गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी" म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. "गाय म्हणजे तांबड्या रंगाचा प्राणी" म्हटलं तर कंधारची लाल गाय बसते, पण उदगीरकडची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी बाहेर राहते, ही अव्याप्ती. "गाय म्हणजे एका खुराचा प्राणी" म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक व्याख्येला हे तीन प्रश्न विचारा. जास्तीचं काही आत आलं का? हवं ते बाहेर राहिलं का? मुळात लागू तरी होतंय का? एका शब्दावर अशी पाच मिनिटं गेली की तो शब्द सहसा विसरत नाही.

समानार्थी शब्दांची उतरंड लावा

समानार्थी म्हणजे सारखा, ही समजूत आधी सोडा. सडपातळ, बारीक, हडकुळा, खंगलेला हे चारही शब्द अंगावर मांस कमी असलेल्या माणसाचे आहेत. पण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कुणी "पोरगी हडकुळी आहे" म्हणत नाही, सडपातळच म्हणतात. इंग्रजीत हीच उतरंड आहे. स्लिम म्हणजे सडपातळ, कौतुकाचा. थिन म्हणजे बारीक, कोरडा. स्किनी म्हणजे हडकुळा, थोडा टोचणारा. इमेशिएटेड म्हणजे खंगलेला, आजारानं किंवा उपासमारीनं. चारही शब्द एकाच ओळीत मराठी जोड्यांसह लिहा, म्हणजे कोणता कुठे वापरायचा ते तुमच्याच कानाला कळेल.

तसंच पैशांचं. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, आपल्या आयांसारखा. स्टिंजी म्हणजे चिक्कू. मायझर म्हणजे कवडीचुंबक. परीक्षेत "आजी काटकसरी होती" या अर्थाने कुणी स्टिंजी लिहिलं, तर आजीचा अपमान होतो.

पावसाचीही उतरंड करून बघा. भुरभुर म्हणजे ड्रिझल, सर म्हणजे शॉवर, धो-धो म्हणजे डाउनपोर, ढगफुटी म्हणजे क्लाउडबर्स्ट. शेवटचा तर अक्षरशः तसाच बांधलेला आहे.

इथेच जोडशब्दांचीही नोंद ठेवा. भूक लागते आणि ताप येतो. भूक येत नाही, ताप लागत नाही. का, याला उत्तर नाही, तशी रीत आहे. इंग्रजीतही पाऊस हेवी असतो आणि चहा स्ट्राँग. आपण परीक्षा "देतो", इंग्रजीत विद्यार्थी ती टेक करतो. मराठीतून उचललेलं गिव्ह तिथे बसत नाही.

आता शब्द उसवा

माझा सगळ्यात आवडता भाग हा, आणि मराठी माध्यमाची मुलं यात पुढे का जातात ते सांगतो. आठवीच्या व्याकरणात त्यांनी उपसर्ग आणि प्रत्यय केलेले असतात. अप, उप, अति, दुर्, प्रति त्यांना माहीत असतात. मराठवाड्यात तर दुहेरी फायदा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. आमच्या आजोबांची पिढी उर्दूतून शिकली, आणि घरातल्या बोलीत बे, ना, गैर, बद सहज आले. बेजबाबदार, नापसंत, गैरहजर, बदनाम. पुढे काय लावलं की अर्थ कसा फिरतो, हे आपल्या मुलाला आईच्या बोलण्यातूनच कळलेलं असतं. इंग्रजीचे तुकडे तेवढे नवे.

उन्हाळ्यातलं ओआरएसचं पाकीट हातात घ्या. त्यातला आर म्हणजे रिहायड्रेशन. मधला हायड्र म्हणजे पाणी. पुढे डी लावला की पाणी निघून जातं, डिहायड्रेशन. री लावला की पाणी परत येतं. तोच हायड्र पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर होणाऱ्या हायड्रोफोबियात आहे, पाण्याची भीती. अग्निशामक दलाच्या हायड्रंटमध्येही तोच.

वेरूळला गेलात तर सोळा नंबरच्या लेण्यासमोर, कैलासासमोर, एक शब्द शिकून या. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं ते मंदिर. इंग्रजीत ते मोनोलिथिक. मोनो म्हणजे एक, लिथ म्हणजे दगड. नवाश्मयुगाला निओलिथिक म्हणतात. निओ म्हणजे नव, लिथ म्हणजे अश्म, तुकड्याला तुकडा जुळतो. आजोबांच्या काळी जुनी पुस्तकं ज्या शिळाप्रेसवर छापत, ती लिथोग्राफी. आणि तुमच्या मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम १८१७ साली एका दगडात, खनिजात सापडलं, म्हणून त्याचं ते नाव. लेण्यापासून खिशातल्या मोबाइलपर्यंत एकच तुकडा पोचतो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. लातूर-धाराशिवच्या घराघरात त्याची आठवण आहे. त्या काळातल्या इंग्रजी बातम्या काढून वाचा. एपिसेंटर हा शब्द वारंवार भेटेल. एपि म्हणजे वर. भूकंप जमिनीखाली जिथे सुरू होतो, त्याच्या बरोबर वरचा, पृष्ठभागावरचा बिंदू. सिस्मोग्राफमध्ये सिस्मो म्हणजे हादरा आणि ग्राफ म्हणजे लिहिणं, हादरा लिहून ठेवणारं यंत्र.

आणखी एक गोष्ट मला फार आनंद देते. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. इंग्रजीतले जड शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिनमधून आलेले आहेत. त्यामुळे मराठी माणसाला त्यांचे तुकडे चुलतभावंडांसारखे भेटतात. दंत आणि डेंटिस्टमधला डेंट. पद आणि पेडलमधला पेड. अंतर आणि इंटर. नाम आणि नॉमिनेट. मृत आणि मॉर्टल. ज्ञ आणि रिकग्नाइझमधला ग्न. भार वाहणारा भृ आणि ट्रान्सफरमधला फर. पाणी वाहून आणणारा जमिनीखालचा थर म्हणजे अ‍ॅक्विफर. हायड्रसुद्धा आपल्या उदकाचाच नातलग. आणि वाचा या शब्दातला जो वाच्, तोच व्होकॅब्युलरीतला व्होक.

यातून लक्षात ठेवायची एक पक्की युक्ती मिळते. हायपर आणि हायपो ऐकायला सारखे वाटतात आणि रक्ताच्या रिपोर्टवर दोन्ही येतात. हायपो म्हणजे आपला उप, खालचा. उपजिल्हाधिकारी जिल्हाधिकाऱ्याच्या खाली, तसं हायपोटेन्शन म्हणजे रक्तदाब खाली. हायपर म्हणजे उपरि, वर. एकदा हे सांगितल्यावर वर्गात यात कुणी चुकत नाही.

शेपटाकडेही बघा. शेवटच्या तुकड्यावरून शब्द नाम आहे की विशेषण ते कळतं. फिकेशन म्हणजे आपलं करण. इलेक्ट्रिफिकेशन हे विद्युतीकरण, प्युरिफिकेशन हे शुद्धीकरण. नेस म्हणजे पणा. एबल म्हणजे ईय किंवा ण्याजोगा, जसा रीडेबल म्हणजे वाचनीय. रिकाम्या जागा भरताना एवढ्या माहितीवर बरेच गुण मिळतात.

आणि पुन्हा त्या बाटल्यांकडे. साइडचं लॅटिन मूळ कापणं, ठार करणं असं आहे. ते डिसाइडमध्येही आहे. ठरवणं म्हणजे नको ते पर्याय कापून टाकणं. आपण म्हणतो ना, एक घाव दोन तुकडे! प्रिसाइस आणि कन्साइसमध्येही तीच काटछाट आहे.

उसवताना कुठे फसाल

सोलापूर-धुळे महामार्गावर उभे राहिलात तर टँकरच्या मागे हायली इन्फ्लेमेबल लिहिलेलं दिसेल. इन म्हणजे नाही, असं समजून कुणी "पेट न घेणारं" असा अर्थ लावला, तर जिवावर बेतेल. इथला इन नकाराचा नाही, आत या अर्थाचा आहे. इन्फ्लेमेबल म्हणजे लगेच पेटणारं. इन्व्हॅल्युएबलमध्ये मात्र इन नकाराचाच आहे, तरी अर्थ "किंमत नसलेलं" असा नाही. त्याची किंमत करताच येत नाही. आपला अमूल्य तसाच बांधलेला आहे.

पेड म्हणजे पाय, पेडेस्ट्रियन म्हणजे पादचारी. पण पेडिअ‍ॅट्रिशियन पायांचा डॉक्टर नाही, बालरोगतज्ज्ञ आहे. तो तुकडा मूल या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आलेला आहे. अंकलमध्ये अन नाही. थिऑलॉजीतला थिओ देवासारखा वाटतो, पण भाषाशास्त्राप्रमाणे त्याचा आपल्या देव शब्दाशी संबंध नाही. म्हणून नियम एकच. आधी तुकड्यांवरून अंदाज करा, मग व्याख्या उघडून तो तपासा. हा क्रम उलटा करू नका आणि तपासणी टाळू नका.

उजळणीचं खोकं

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की शिकलेलं सर्वात झपाट्याने विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी आधी दाट, मग विरळ. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी कप्प्यांच्या पेटीची पद्धत सांगितली.

आमच्याकडची मुलं ती अशी करतात. बुटाचं रिकामं खोकं घ्यायचं आणि पुठ्ठ्यानं पाच कप्पे पाडायचे. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून कार्डं करायची, कारण त्यांचा कागद जाड असतो. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला व्याख्या, उतरंड आणि तुकडे. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं. चुकलं की ते थेट पहिल्यात. उत्तर मनात नको, मोठ्याने म्हणा किंवा लिहा. कार्ड उलटल्यावर "हो, येत होतं" असं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

एक कार्ड पूर्ण करून दाखवतो

शब्द स्कार्सिटी. एखाद्या गोष्टीची टंचाई.

माझी पहिली व्याख्या: अशी स्थिती, जिच्यात गरजेची वस्तू गरजेपेक्षा कमी असते आणि सहज मिळत नाही. अतिव्याप्ती तपासली. दुकानात आज साखर संपली तर स्कार्सिटी म्हणणार का? नाही, तो शॉर्टेज, तात्पुरता. म्हणून व्याख्येत "बराच काळ" हे शब्द घातले.

उतरंड: शॉर्टेज, तुटवडा, आज आहे उद्या भरून निघेल. स्कार्सिटी, टंचाई, लांबलेली. ड्राउट, अवर्षण, कारण पावसाचं. फॅमिन, अन्नाचा दुष्काळ, माणसं मरतात.

तुकडे: स्कार्स हे विशेषण, म्हणजे दुर्मिळ. शेवटी इटी, म्हणजे आपलं ता. याच शेपटाचे सोबती प्युरिटी म्हणजे शुद्धता, कपॅसिटी म्हणजे क्षमता. याच घरातला स्कार्सली, म्हणजे जेमतेम.

जोड: वॉटर स्कार्सिटी, अ‍ॅक्यूट स्कार्सिटी.

वाक्य नेहमी आपल्या जगातलं लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं: "इन एप्रिल २०१६, वॉटर केम टू लातूर बाय ट्रेन बिकॉज ऑफ अ‍ॅक्यूट स्कार्सिटी." मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा ती नववीत होती आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची. ते कार्ड पाचव्या कप्प्यात जाईपर्यंत तिनं एकदाही चुकवलं नाही.

कार्डाच्या कोपऱ्यात उच्चार लिहायला विसरू नका. मोबाइलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबा, तीनदा ऐका, तीनदा म्हणा. जोर कुठल्या अक्षरावर येतो त्याच्याखाली रेघ ओढा. फोटोग्राफमध्ये जोर फो वर आहे. फोटोग्राफरमध्ये तो पुढे सरकतो आणि उच्चार फटॉग्रफर असा होतो. तुकडे तेच राहिले तरी आवाज बदलतो, आणि तो डोळ्यांनी शिकता येत नाही.